सांगितलेली खोड

आबांच्या गोठ्याला आता फरशी आहे, दारावर लांबलचक संस्कृत नावाची पाटी आहे आणि आत आबांचा हार घातलेला फोटो आहे. फोटोत त्यांच्या खांद्यावर पांढराशुभ्र रुमाल दिसतो. तो फोटोवाल्याने नंतर रंगवला. आबांचा रुमाल मी पाहिल्यापासून विटक्या तांबड्या रंगाचा होता आणि त्याला बैलाच्या घामाचा वास यायचा.

मागच्या महिन्यात गोठ्याची मंडळी माझ्या दुकानी आली. समारंभ आहे, तुम्ही गोठ्यातले सर्वांत जुने, आबांबद्दल दोन शब्द बोला म्हणाली. मी चादरींचा व्यापारी. बोलण्यावरच माझं पोट चालतं, दोन शब्दांना मी कशाला भितो? मी हो म्हणणार, तेवढ्यात त्यांच्यातला एक चष्मेवाला हात जोडून म्हणाला, "संतच होते हो ते!"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमचे संत असतील. माझे ते दलाल होते. आणि माझा सौदा त्यांनी असा केला, की त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही."

मंडळी चहा अर्धा टाकून उठली. पण मी बोललो ते खरं आहे. आबांनी माझं भलं केलं हे मी नाकारत नाही. भलं करताना एक गोष्ट त्यांनी माझ्यापासून लपवली, आणि तिच्यापायी मी एका भल्या माणसाशी वर्षानुवर्षं भांडलो. ते मी कसं विसरू?

आबा मूळचे जनावरांच्या बाजारातले. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आबा. ज्यांनी तो बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा कितीवर ठरला ते रुमालातल्या दोन हातांनाच ठाऊक. रुमालातलं बाहेर बोलायचं नाही, हा बाजाराचा एक नियम. दुसरा नियम खोडीचा. बैल मारका असेल, जू टाकत असेल, भर वाटेत बसत असेल, तर ते विकणाऱ्याने चारचौघांत आधी सांगायचं. सांगितलेल्या खोडीसाठी बैल परत येत नाही. लपवलेली खोड निघाली तर मात्र घेणारा बैल दारात आणून बांधतो, आणि विकणाऱ्याने तो खाली मान घालून परत घ्यायचा.

आबांनी हे दोन नियम उचलले आणि पोरांना लावले. त्यांची समाजसेवा म्हणतात ती एवढीच.

बैल सोडून त्यांनी पोरं का धरली, याबद्दल पेठेत बरंच बोललं जायचं. कोणी म्हणे त्यांचा स्वतःचा मुलगा लहानपणीच गेला. कोणी म्हणे त्यांनी एका बैलाची खोड लपवली आणि तो कोणाच्या तरी अंगावर गेला. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "बैल सस्तं झालं आन पोरं फुकट मिळायला लागली. दलालानं कुटं जायचं?"

पोरं फुकट मिळत होती हे खरंच. ते दिवस वाईट होते. गिरण्यांची अर्धी यंत्रं झाकून ठेवलेली. ज्या घरात बाप आणि थोरला भाऊ पाळीला जायचे, त्या घरात दोघंही ओट्यावर बसलेले. माझा बाप पिंजण खात्यात होता. काम गेल्यावरही भोंगा झाला की तो उठून उभा राहायचा, मग आठवण व्हायची आणि पुन्हा बसायचा. ते बघायला नको म्हणून मी घराबाहेर राहायला लागलो. बाहेर राहिलं की भूक लागते. मालधक्क्यावर वॅगनीतून कोळसा, कापूस, जे हाताला लागेल ते काढायचं आणि विकायचं, असा माझा धंदा बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू झाला.

तिथंच मी आबांना सापडलो. पहारेकऱ्याने माझा कान धरला होता आणि मला चौकीकडे ओढत होता. समोरून गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला काही नाही, खांद्यावर तो रुमाल, असा एक काळा उंच म्हातारा आला.

"थांब की रं जरा," तो पहारेकऱ्याला म्हणाला, आणि माझ्या हनुवटीला धरून त्याने माझं तोंड उघडलं. अंगठ्याने ओठ वर करून दात बघितले. पाठीवर एक थाप मारली. "सोड त्येला. धा पावलं चालू दे. पळाला तर मी हाय."

मी चाललो. का चाललो देव जाणे. पळायला हवं होतं.

"डावा पाय जरा ओढतोय," आबा म्हणाले. "पन हाड चांगलं हाय."

"आबा, चोर आहे तो," पहारेकरी म्हणाला.

"मग? मी काय कीर्तनकार हुडकायलोय?"

त्यांनी पहारेकऱ्याच्या हातावर रुमाल टाकला. दोघे जरा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मग माझा कान सुटला. रुमालाखाली काय ठरलं ते मला कळलं नाही. पण पुढच्या आठवड्यात त्या पहारेकऱ्याचा उनाड भाचा गोठ्यात माझ्या शेजारी झोपायला आला.

गोठा म्हणजे खरोखरच गोठा होता. दावणी तशाच होत्या. आम्ही चौदा-पंधरा पोरं दावणीच्या बाजूला डोकं करून झोपायचो. पेठेतल्या घरांनी पाळी लावून घेतली होती. ज्या घराची पाळी त्या घरातून भाकरी आणि शेंगाची चटणी यायची. मुसलमान टांगेवाल्याने मोडक्या चाकांची लाकडं दिली, त्याचं दार झालं. न्हावी महिन्यातून एकदा येऊन सगळ्यांची डोकी एका दमात भादरून जायचा. "मेंढरं झाली का?" असं विचारून आबा एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवायचे.

दया दाखवणारा माणूस त्यांना चालत नसे. एकदा एक मोठा आडत्या पेढ्यांची परात घेऊन आला. सोबत चार मित्र, दोन नोकर. पोरांना रांगेत बसवा, मी स्वतःच्या हाताने वाटतो म्हणाला. आबा म्हणाले, "वाटा की. पन आधी हात द्या हिकडं." रुमाल पडला. आडत्या हसत होता, तो हळूहळू हसायचा थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला. मित्र विचारायला लागले, "काय झालं शेठ?" शेठ काय सांगणार? हात सुटल्यावर तो बोटं चोळत बसला आणि परात आबांनी उचलून आत नेली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या आडतीत आमच्यातली किती पोरं कामाला लागली ते मी सांगत नाही. त्याच्या मित्रांनाही ते कधी कळलं नाही. "चारचौघांत मागितलं की मानूस नाक वर करतो," आबा म्हणायचे. "रुमालात मागितलं की त्येला सोताचीच लाज वाटती."

मला त्यांनी दिलं ते विणकराकडे.

साखर पेठेत तेव्हा घरोघरी हातमाग होते. बहुतेक घरं तेलुगू. दिवसभर सगळ्या गल्लीत धोट्यांची खटखट चालायची. मागांवरच्या लोकांचंही बरं चाललं होतं असं नाही, पण घरचा माग कोणी बंद करून टाकू शकत नव्हतं. म्हणून आबा आपली पोरं तिथे देत. ठरायचं असं, की मालकाने पोराला जेवण द्यायचं आणि हातात काम द्यायचं. पोरगं पळून गेलं तर गेलं. पण मालकाने मात्र ठरलेली मुदत संपेपर्यंत त्याला काढायचं नाही. ती मुदत किती, हे रुमालाखाली ठरायचं. पोरालासुद्धा सांगत नसत.

आकडा रुमालाखाली, पण खोड उघड्यावर. आबा मला घेऊन त्या गल्लीत आले, एका घरापुढे उभे राहिले आणि बाजारात ओरडावं तसे ओरडले, "ऐका हो! ह्यो पोरगा चोरतोय. खोटं बोलतोय, ते बी डोळ्यात डोळं घालून. सकाळचं उटत न्हाय. भाकरी दोन जास्त खातोय. आन वाद घालायला लागला तर कुनाला ऐकत न्हाय. येवढ्या खोडी. बाकी दात बरं हायत आन बोटं लांब हायत."

खटखट थांबली. गल्लीतली माणसं दारात आली. समोरच्या घरातली एक मुलगी पदर तोंडाला लावून हसली. मी आज सत्तरीला आलो, व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या पेढ्यांवर ताठ मानेने बसलो, पण ते हसू अजून माझ्या कानात आहे. मी दातओठ खाऊन आबांना म्हटलं, "एवढ्या मोठ्याने सांगायची काय गरज होती?"

"कानात सांगितलेली खोड सांगितलेली न्हवं," आबा म्हणाले.

घरातून विणकर बाहेर आला. बारीक अंगाचा, डोळ्यांच्या कडा सुताच्या धुळीने लाल झालेल्या. त्याला आम्ही मालक म्हणायचो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रुमालाखाली हात दिला. झटक्यात सौदा झाला.

तीन महिने बरे गेले. कांड्या भरायच्या, सूत वाळत घालायचं, तुटलेला धागा सांधायचा. मालक फार बोलत नसे. चुकलं की आपल्या तेलुगू वळणाने नुसतं "अरे रा" म्हणायचा आणि स्वतः करून दाखवायचा. जेवायला भात आणि चिंचेचं सार. मी भाकरीचा माणूस, म्हणून काही दिवसांनी न बोलता माझ्या ताटात भाकरी यायला लागली. एवढं असून चौथ्या महिन्यात मी सुताच्या दोन लडी पळवल्या आणि फेरीवाल्याला विकल्या. गरज नव्हती. हाताची सवय होती.

पकडलो गेलो. दुपारपर्यंत सगळी गल्ली जमली. त्या गल्लीत गोठ्यातली आणखी सात-आठ पोरं होती. सगळ्या विणकरांनी ठरवलं, आजच्या आज सगळी पोरं आबांना परत. एक चोर निघाला म्हणजे बाकीचेही तसलेच. पोरं आपापल्या गाठोड्यासकट दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. गल्लीने पाठ फिरवली तर दुसरी कुठली गल्ली गोठ्यातलं पोरगं घेणार नाही, हे मलाही कळत होतं.

आबा आले. कोणाला नमस्कार नाही, काही नाही. सरळ मालकाला विचारलं, "काय चोरलं?"

"दोन लडी."

"चोरतोय म्हनून मी सांगितलं हुतं का न्हाय?"

मालकाने मान डोलावली.

"मोठ्यांदा सांगितलं हुतं का न्हाय? समद्या गल्लीनं ऐकलं हुतं का न्हाय?"

"ऐकलं होतं," कोणीतरी मागून म्हणालं.

"मग? सांगितल्याल्या खोडीसाटी बैल परत येतो व्हय?"

"आबा, हा काय बैल आहे?" एक म्हातारा विणकर चिडून म्हणाला.

"त्येच म्हनतो मी," आबा म्हणाले. "बैलाला तुमी हा न्याव देता. मानसाच्या पोराला त्येच्यापरीस कमी देनार?"

हसत, कुरकुरत माणसं पांगायला लागली. दारातली पोरं गाठोडी ठेवायला आत वळली. ज्या ओरडण्याने माझी अब्रू गेली, त्याच ओरडण्याने मला आणि त्या सात-आठ पोरांना वाचवलं होतं. एवढं समजण्याइतकी अक्कल मला तेव्हा असती, तर पुढचं घडलं नसतं.

तो म्हातारा विणकर जाता जाता म्हणाला, "ठेवा, ठेवा. जन्माचा चोर आहे, म्हातारा होऊन मरेल तरी चोरच."

मला राग आला की पुढचं दिसत नाही. आजही नाही. मी आत धावलो, कोनाड्यातली कात्री घेतली आणि मागावर लावलेला उभ्या धाग्यांचा ताणा कापला. आडवा, एका टोकापासून अर्ध्यापर्यंत. ताणलेले धागे सुटतात तेव्हा एक बारीक सळसळ होते. तो ताणा म्हणजे त्या घराची पुढची भाकरी होती, हे मला माहीत होतं.

मालक दारात उभा राहून बघत होता. तो ओरडला नाही. मागे वळून एवढंच म्हणाला, "आबा, ही खोड सांगितली नव्हती."

सगळी गल्ली पुन्हा फिरली. आबांचा चेहरा मी पहिल्यांदाच पडलेला पाहिला. त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटला होता. मला परत न्यायचं, आणि माझ्यामागोमाग बाकीची पोरं. पळवाट नव्हती.

"न्हवती सांगितली," आबा म्हणाले. "चुकी माझी."

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि मालकापुढे धरला. "येक डाव हात द्या."

"ओद्दु," मालक मान हलवत म्हणाला. नको.

"द्या तर. न्हाय पटलं तर काडून घ्या."

मालकाने हात दिला. पहिल्या वेळेसारखं झटक्यात झालं नाही. बराच वेळ दोघे उभे होते. मालकाने मध्येच माझ्याकडे पाहिलं, मग तुटलेल्या ताण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी त्याने होकाराची मान डोलावली आणि हात काढून घेतला. "आत ये रा," तो मला म्हणाला.

मी राहिलो. बाकीची पोरंही राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आबा रोज सकाळी साखर पेठेत यायचे आणि माझ्यासमोर बसून ताण्याचे धागे सांधायचे. बैलाची वेसण ओढणारी ती बोटं, त्यांत धागा कसा टिकणार? एक गाठ मारायला त्यांना इतका वेळ लागे, तेवढ्यात माझ्या दहा होत. धागा निसटला की बैलाला द्याव्यात तशा शिव्या द्यायचे, "हाऽऽ, थिर्र! उभा ऱ्हा की मुडद्या!" सगळी गल्ली त्यांना बघायला यायची. तीच मुलगी पुन्हा हसली. या वेळी मलाही हसू आलं.

एकदा गाठ मारता मारता मी विचारलं, "आबा, रागाची खोड तुम्हाला दिसली नव्हती का?"

"दिसली हुती की."

"मग सांगितली का नाही?"

त्यांनी धागा ओला करायला तोंडात धरला होता. तो काढून म्हणाले, "मला ती खोड वाटलीच न्हाय. माझ्यात बी हाय न्हवं."

मी मात्र माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की धरून बसलो होतो. त्या दुसऱ्या सौद्यात आबांनी मालकाला जबरदस्त बांधून घेतलं असणार. पाच वर्षं तरी. नाहीतर ज्याचा ताणा मी कापला तो माणूस मला कशाला ठेवेल? शब्दात अडकला म्हणून ठेवतोय. हे डोक्यात बसलं आणि मालकाच्या प्रत्येक चांगुलपणात मला त्याची नाइलाजाची चाकरी दिसायला लागली. त्याने नवं धोतर दिलं तर मी म्हणायचो, मुदतीत आहे म्हणून देतोय. आजारपणात उशाशी बसला तर म्हणायचो, मेलो तर आबांना काय तोंड दाखवणार, म्हणून बसलाय. तोंडावरही म्हणायचो. "काढता येत नाही म्हणून ठेवलंय ना मला?" तो धोटा फेकत राहायचा. कधी फार झालं तर "पनी चेय रा" म्हणायचा. काम कर.

त्याने मला रंग ओळखायला शिकवलं, सूत बोटांत धरून त्याचा कस सांगायला शिकवलं. माझं चालणारं तोंड बघून त्याने मला लुगडी विकायला बाजारात पाठवलं. घासाघीस मी तिथे शिकलो. आज माझी पेढी आहे ती त्या तोंडावर आहे. आणि तेच तोंड मी घरी आल्यावर त्याच्याशी वापरायचो.

पाच वर्षं पुरी झाली त्या दिवशी मी गाठोडं बांधलं. "मुदत संपली," मी म्हटलं. "सुटलात."

मालकाने माग थांबवला. काहीतरी बोलणार होता असं वाटलं. मग म्हणाला, "बरं रा. संध्याकाळी जेवायला ये."

मी गेलो नाही. त्या संध्याकाळी नाही, नंतरही नाही. धंद्यात पडलो. दोन वर्षांनी मालक तापाने गेले तेव्हा मी बाहेरगावी माल बघायला गेलो होतो.

त्यानंतर वर्षभरातच आबांची एक बाजू लुळी पडली. मी त्यांना भेटायला गेलो. भेटायला म्हणजे भांडायला. एका भरलेल्या गल्लीत तुम्ही माझी अब्रू काढली, आणि एका गरीब माणसाच्या गळ्यात पाच वर्षं मला लोढण्यासारखं बांधलं, हे मला त्यांना एकदा ऐकवायचं होतं. दुपार होती. गोठ्यातली पोरं कामावर गेलेली. आबा दावणीशी घोंगडीवर पडले होते. उजवा हात तेवढा चालत होता.

मी सगळं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग चालत्या हाताने रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला आणि आत माझा पंजा धरला.

"किती आसंल?" ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "तूच सांग."

रुमालाखाली जो आधी बोट दाबतो तो गरजू, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. मी थांबलो. तेही थांबले. त्यांच्या हातात अजून ताकद होती. बाहेर गल्लीतून बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांकडे त्यांनी कान दिला, पण हात सोडला नाही. कौलातून पडलेला उन्हाचा तुकडा माझ्या गुडघ्यावरून जमिनीवर सरकला. म्हातारा हटेना. शेवटी मीच हरलो. मी त्यांची पाचही बोटं दाबली.

त्यांनी मान हलवली. नाही. आणि माझं एक बोट दाबलं.

"एक वर्ष?" मी विचारलं.

रुमालातलं त्यांनी जन्मात कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "म्हैना."

मला समजेना.

"ताना सांधंपत्तोर ठिवा, म्हनलं. म्हैनाभर. मंग हाकला."

एक महिना. महिन्यानंतर मालक मोकळे होते. पुढची पाच वर्षं त्यांना कोणी बांधलेलं नव्हतं. भाकरी, धोतर, उशाशी बसणं, मला बाजारात पाठवणं, सगळं त्यांचं त्यांनी केलं होतं. आणि मी रोज त्यांच्या तोंडावर नाइलाज फेकत होतो. ते ऐकत होते. एक शब्द बोलले असते तर माझं तोंड बंद झालं असतं. रुमालातलं बाहेर बोलायचं नाही म्हणून ते बोलले नाहीत.

मी हात झटकला. म्हटलं, "आबा, हे मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"आकडा कळला की मानूस आकड्यायेवढंच देतो," ते म्हणाले. "तुला म्हैना ठावा आसता तर म्हैन्यानं तू अकडून उटून गेला आसतास. पुना मालधक्का."

गेलो असतो. मी मला ओळखतो. पण मी त्यांना ते कबूल केलं नाही. "आणि मालकांशी मी भांडलो त्याचं काय? ते तर गेले. आता मी कुणाकडे जाऊ?"

"त्याला माझ्याकडं जबाब न्हाय," आबा म्हणाले. "ती खोड माझी. कानात नगं सांगू. उघड्यावर सांग जा."

चहा टाकून गेलेल्या मंडळींनी तरीही पत्रिकेत माझं नाव छापलं, आणि त्या समारंभाला मी गेलो. माझ्या आधी चार जण बोलले. करुणा, त्याग, चंदन, दिवा, सगळं येऊन गेलं. मग मी उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने सांगितलं, "ऐका हो! हा माणूस हेकट होता. याचा रुमाल घाण होता. हा पोरांचे दात बघायचा, आणि भर गल्लीत त्यांची अब्रू काढायचा. रागीट होता, आणि तो राग याला खोड वाटत नव्हता. याने माझ्यापासून एक गोष्ट लपवली, आणि तिच्यापायी एका भल्या माणसाला मी आयुष्यात एकही गोड शब्द बोललो नाही. एवढ्या खोडी."

अध्यक्षांनी खुर्चीतून पुढे वाकून हळूच म्हटलं, "अहो, त्यांचं काही चांगलंही सांगा की."

"ते रुमालाखालचं आहे," मी म्हणालो, आणि खाली बसलो.